धुतलेलं इंजिन

आर. के. पुरम, नवी दिल्ली
३ फेब्रुवारी २०२६

ती. प्रभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर सून, उत्तरा, ऐकते, म्हणून पत्र. माझ्या डिझेल इंजिनाचं मॉडेल तू पाहिलंसच. तारेचे कठडे बसवून, रंग देऊन झाल्यावर, खरं दिसावं म्हणून, तीन महिने मी ते मळवत होतो. छतावर काजळी, बाजूंना तेलाचे ओघळ, चाकांशी गंजाची पूड. रेल्वे शेडच्या नोकरीत बत्तीस वर्षं पाहिलेला मळ तो. तू साताऱ्याला परत गेल्यावर कपाट उघडलं, तर इंजिन कोरं करकरीत! म्हणजे मी ते नुसतं मनातच मळवलं होतं. ताई, डोकं चालेनासं झालंय. स्वरूपाला शाळेतून आणणं मी बंद केलं. उद्या नातीलाच कुठे विसरून आलो तर? उत्तराला कारण गुडघ्याचं सांगितलंय. तू कुणाला बोलू नकोस.

तुझा,
भालचंद्र

सातारा
९ फेब्रुवारी २०२६

चि. भालचंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं शाबूत आहे रे. निघायच्या आदल्या दिवशी तू बँकेत गेलास, तेव्हा ते इंजिन मी धुतलं. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन, चांगलं घासून. एवढी देखणी वस्तू आणि हा गबाळ्या धूळसुद्धा झटकत नाही, असं पुटपुटत. संध्याकाळी स्वरूपा कौतुकाने सांगायला लागली, की आजोबा ब्रशने घाण रंगवतात. तेव्हा कळलं, मी काय धुऊन टाकलं ते.

जन्मभर तुला स्वच्छतेवरून बोलत आले, आता कोणत्या तोंडाने सांगणार? गाडी सुटेपर्यंत जिभेवर होतं, पण गप्प बसले. आणि तू स्वतःला वेडा ठरवलंस. मला हवं ते बोल, पण त्या पोरीला आणायला जा.

तुझी अपराधी,
ताई

आर. के. पुरम
१७ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न.

आधी भडकलो. वार्निशचा एकच हात राहिला होता, तो दिला असता तर तुझा साबण हरला असता! मग उत्तराला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडलो. इंजिन मळवीन पुन्हा, मला दुसरा उद्योग काय आहे?

काल स्वरूपाला आणायला गेलो. तासभर आधीच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तू मनाला लावून घेऊ नकोस, राग नाही. फक्त तिथे उभा असताना तिचं नाव आणि वर्ग मी सारखा स्वतःशी म्हणत होतो.

माया होती तशीच राहू दे.

तुझा,
भालचंद्र