पान्याला हात न लावता

केडगाव, सोमवार

आदरणीय राधाकृष्णदादांस,

वैजनाथचा रामराम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडं सगळं खुशाल (‘सगळं’ म्हणजे मी आणि कुत्रं). आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र वर्कशॉपातल्या अजिनाथच्या हाती पाठवतोय. त्याला आधी चहा द्या, मग वाचा.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आपल्या बहिणीला समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं होतं. निघताना रुपालीची एकच अट: तीन दिवस कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही, लावला तर ती परस्पर राहुरीला आपल्याकडं. (आपल्या वास्तुशांतीत मी बोअरची मोटर खोलली, हे ती अजून सांगते. मोटर बंद पडली होती, हे सांगत नाही.)

जागा देखणी. पुढं समुद्र, मागं खारफुटी, मधे विश्रामगृह. खारफुटी म्हणजे चिखलात उभी झाडं. वास आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या मळीसारखाच, फक्त तिथं त्याला तिकीट आहे. पहिल्याच सकाळी गाईडनं सगळ्यांना डोळे मिटून जंगल ऐकायला लावलं. कुणाला खंड्या ऐकू आला, कुणाला लाटा. मला विश्रामगृहाच्या पंपाचं बेअरिंग ऐकू आलं, आणि ते काही फार दिवस काढणार नव्हतं. मी रुपालीकडं पाहिलं. ती डोळे न उघडता म्हणाली, “मलाही येतंय ऐकू. गप बसा.”

गप बसलो, दादा. दुपारपर्यंत. आमच्या धंद्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं ऐकतात. स्क्रू ड्रायव्हरला बंदी, म्हणून स्वयंपाकाच्या मालनबाईंकडून लांब दांड्याची पळी घेतली (पळी हे काही हत्यार नव्हे). दुखणं खरंच निघालं. पाना वॉचमननं धरला, मी नुसतं सांगत होतो. शेवटचा नट त्याला निघेना, तेवढ्यापुरता माझा हात लागला. बेअरिंगचा तर भुगाच हातात आला. तेवढ्यात पाहुणे समुद्रात डुंबून परतले. अंगाला मीठ, नळाला नुसती हवा, आणि रुपालीच्या केसांना शिकेकाई लावलेली.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिन बघायला बोट होती. अजिनाथनं बसनं पाठवलेल्या बेअरिंगची वाट बघत मी दिवसभर एसटी स्टँडवर बसलो. ती एकटी गेली. आल्यावर म्हणाली, “अकरा दिसले. एकाच्याही हातात पाना नव्हता.” संध्याकाळी पंप सुरू झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं नाही.

परत येताना केडगावला मी बॅगा घेऊन उतरलो. ती सीटवरून हललीच नाही. खिडकीतून म्हणाली, “मी पुढं चाललेय.”

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
वैजनाथ

ता. क. तिला पाठवा, दादा. यापुढं रविवारी वर्कशॉप बंद, हे मी लेखी देतोय.

आणखी एक. उद्यानाच्या साहेबांचा फोन आला होता. त्यांचे अजून चार पंप कुरकुरतायत. राहणं, जेवण आणि बोट त्यांच्याकडून. मी हो म्हणून बसलोय. रुपालीला एवढंच सांगा, की मी डॉल्फिन दाखवायला नेतोय. ती लगेच विचारेल, “पंप किती?”

दोन सांगा.