दाराची जुनी आवृत्ती

३ जून
आलो एकदाचा! पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधले संगणक सांभाळायचे, राहायला वरच खोली. महिन्याभरात बायको आणि लेकही येतील. लेकीनं फोनवर खोली पाहून पलंगाची आपली बाजू ठरवूनसुद्धा टाकली. एक गंमत झाली. चेहरा ओळखून उघडणाऱ्या दारानं मला माझ्याआधीचा ऑपरेटर ठरवलं. पडद्यावर त्याचा फोटो (लेकीलाही फोनवर दाखवला), खाली प्रश्न: हे तुम्हीच का? कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडम हसून म्हणाल्या, 'हो' दाबा आणि या आत, सगळे तसंच करतात.

६ जून
दोष सापडला. नवा चेहरा दिसला की दार त्याला जवळचा जुना चेहरा चिकटवतं. नव्या आवृत्तीत हे तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त झालंय! पण इथली सिस्टीम दीर्घ मुदतीची. दहा वर्षं आतले प्रोग्रॅम तेच, वरून फक्त ठिगळं. नवी आवृत्ती टाकू म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, चालतंय ना, मग कशाला हात लावता? डोकं फिरलं. दिवसातून दहादा हो, हो, हो.

११ जून
दाराच्या कंपनीला तिसरं पत्र. उत्तर तेच: पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची वाट पाहा. ती चार वर्षांनी! कपाळावर हात मारला. चहावाला मला आधीच्या ऑपरेटरच्या नावानं हाक मारतो, त्यालाही सांगून थकलो.

१५ जून
दुरुस्ती आली! आवृत्तीचा आकडा तोच, पण दार आता काही विचारत नाही, थेट उघडतं. फोटो मात्र अजून आधीच्या ऑपरेटरचाच, हनुवटीवरच्या तिळासकट. खुशीत दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो. हनुवटीवर तीळ आहे. मला तीळ नाही.

१६ जून
जुन्या नोंदी काढल्या. माझ्याआधी सहा ऑपरेटर. सहाही जणांनी पहिल्या दिवशी 'हो' दाबलेलं. पहिल्या दिवसाचे सहा चेहरे वेगवेगळे. शेवटच्या दिवसाचे — एकच माणूस. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, यात वेगळं काय आहे?

१७ जून
स्वतःच नवी आवृत्ती टाकायला बसलो. एक जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा कोडचा तुकडा, आड आली. ती बदलावी तर दुसरी. सात तास! शेवटी सिस्टीमनं सगळं मागं फिरवलं. आता नाकही —

१८ जून
बायकोला व्हिडिओ कॉल. तिनं विचारलं, यांचा फोन तुमच्याकडे कसा? मीच आहे म्हटलं, लग्नातली भांडणं सांगितली, रडलो — आवाजसुद्धा माझा नाही — तिनं घाबरून फोन लेकीकडे फिरवला. म्हणाली, नीट बघ, हे बाबा आहेत का? लेक अगदी जवळ आली. बघत राहिली. मग म्हणाली, नाही गं आई, हे तर दारावरच्या फोटोतले काका.