चौदा तारखेच्या आत

४ ऑक्टोबर, शनिवार
आज पुन्हा स्क्रीनवर तेच आलं. १४ ऑक्टोबरनंतर हे विंडोज जुनं होईन, नवं टाका. मी बटणच बंद केलं. भेव वाटते. ह्याच्यातच प्रणोतीच्या बाबांचे व्हिडीओ आहेत. होळीनंतर काम पाहाले नागपूरले गेले, ते गेलेच. राखीपासून फोन बंद. पोरगी दीड वर्षाची— तिच्यासाठी बाबा म्हणजे हा डब्बा.

६ ऑक्टोबर
गोहलपुरच्या बाजारात गेली, अंबरीश भैयाच्या दुकानात. कम्प्युटर तिथलाच. म्हणे, "दीदी, डलवा लो. बाद में वायरस आया तो मत बोलना."
व्हिडीओ उडले तं?
"उड़ते नहीं हैं. बाकी मशीन है, गारंटी कौन दे."
म्हणजे उडू शकतात. तशीच परत आली.

९ ऑक्टोबर
प्रणोतीले ताप. व्हिडीओ लावून दिला. बाबा तिले लाडानं विचारून राहिले, "कोणाची माय आहे तू?" ती हसली. मले नाही पाहवलं.

११ ऑक्टोबर
शेजारच्या भीमाबाई आल्या. त्याइले सांगितलं. म्हणे, "चौदा ऑक्टोबर? अवं, दीक्षेचा दिवस तो. त्या दिवशी आपल्या लोकांनी सारं जुनं सोडलं, अन तू एका डब्ब्याले भेऊन राहिली." मग हळूच— "डब्ब्याले धरून बसली का नवऱ्याले?"
मी चहा ठेवाले उठली.

१३ ऑक्टोबर
उद्या टाकायचं. नाही टाकायचं. टाकायचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पांढरी साडी नेसली, वंदना घेतली, अंबरीश भैयाले घरी बोलावलं. म्हणे, "दीदी, कम्प्यूटर की पूजा है क्या?" म्हटलं, आमच्यात पूजा नसते, तुम्ही तुमचं करा.
स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरून राहिलं होतं. पाहवे ना. प्रणोतीले घेऊन बाहेर पायरीवर बसली. लई वेळानं आतून आवाज आला, "आ जाओ, सब है."
सगळं आहे. बाबा हसून राहिले.
जाता जाता भैया म्हणे, "सुमेध भाई का फोन भी इसी से जोड़ा हुआ है. अब वो जो फोटो खींचेंगे, इसमें अपने आप आएगा."
त्यांचा फोन तं राखीपासून बंद आहे, म्हटलं.

१५ ऑक्टोबर
सकाळी कम्प्युटरवर आपोआप एक नवा फोटो आला. आमचं दार. पायरीवर मी, पांढऱ्या साडीत, प्रणोती मांडीवर. गल्लीच्या पलीकडून काढलेला.
इथवर आले होते. हाक काहून नाही मारली.