तिरप्या अक्षरांचा गुण्या

पुणे, १२ जानेवारी २००९

तीर्थरूप बाबूजींना रविताचा शि. सा. न. वि. वि.

आई म्हणाली, फोनवर अक्षर दिसत नाही म्हणून तुम्ही फोन घेत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. माझं अक्षर पाहून रागावू नका.

इथे ऑफिसात पहिल्यांदाच एक अख्खा फॉन्ट एकटीला करायला दिलाय. देवनागरी, सगळीकडे एकाच जाडीची रेघ, ना शेपटी ना नखरा, आणि सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली. रस्त्याकडेच्या फलकांसाठी हवा आहे. संगणकाला सांगितलं तर तो सरळ अक्षर नुसतं ढकलून देतो. मग 'ळ'चं एक पोट सुजतं आणि दुसरं आत जातं. म्हणून एकेक अक्षर हाताने काढते आहे. साहेब म्हणतात, कल चौदा अंश ठेव. मला तर ती पडतील असं वाटतं. तुम्ही तीस वर्षं मुर्रीपासून नागझिऱ्याच्या जंगलापर्यंत फलक रंगवलेत. तुम्ही कल कशावरून धरता?

सहावीत कंपासपेटीतला गुण्या हरवला तेव्हापासून मी तुमच्या लेखी वेंधळीच आहे, तेव्हा मला अंदाज सांगू नका, माप सांगा.

आईला नमस्कार. राग उतरला की उत्तर टाका.

तुमची,
रविता


मुर्री, २५ जानेवारी २००९

चि. रवितास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझा 'र' अजून वाऱ्यावर उभा आहे.

एका जाडीची अक्षरं म्हणजे बिनमिठाचा भात. पण तुमच्या साहेबाला तोच आवडत असेल तर शिजव. मात्र सगळंच तिरपं करू नकोस. नागझिऱ्याच्या वाटेवरचा माझा फलक आठव. 'हळू चालवा' सरळ उभं आहे, खाली 'हरणं' तेवढी तिरपी. हरणं पळतात म्हणून ती तिरपी. ड्रायव्हरला हळू जा म्हणायचं आणि अक्षरांनीच पळत सुटायचं, हे कोण ऐकेल? तिरप्या अक्षराला शेजारी सरळ अक्षर लागतं, नाहीतर ते तिरपं आहे हे कळणार कसं?

कलासाठी पुठ्ठा कापून सोबत ठेवला आहे. मूळ माप माझ्याकडे आहे, ते देता येत नाही.

ओमेश्वर येऊन गेला, आपला नागझिऱ्यातला गाइड. मी शिडीला रंग देत होतो. विचारत होता, की काऊन जी काका, शिडी कायले रंगवून राहिले, यंदाचे बोर्ड तं पुण्याहून छापून येऊन राहिले. मी म्हटलं, शिडी आहे, म्हणून रंगवतो.

तुझी आई बरी आहे. जेवत जा.

बाबूजी


पुणे, ९ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप बाबूजींना शि. सा. न. वि. वि.

पुठ्ठा मोजला. बरोबर अकरा अंश. मी दोन नमुने छापून भिंतीला लावले आणि साहेबांना चाळीस पावलांवर उभं केलं. चौदा अंशांचा वाचताना त्यांची स्वतःचीच मान वाकडी झाली. अकरा मंजूर झाले. तिरप्यांच्या जोडीला सरळ अक्षरंही मंजूर झाली.

पण ओमेश्वरदादाचं वाचून मी कामाची यादी काढून पाहिली. पहिलंच नाव नागझिऱ्याच्या वाटेचं आहे. चोवीस फलक. बाबूजी, ते तुमचेच चोवीस आहेत. तुम्हाला हे माहीत होतं आणि तरी तुम्ही पुठ्ठा पाठवलात. मी खूप रडले. तुमच्या हातचं काम माझ्या हाताने जाणार असेल तर मला तो फॉन्ट नको. काम सोडते असं साहेबांना सांगणार आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत फाइल माझ्याकडेच ठेवली आहे.

माझ्यावर माया आहे ना अजून? तेवढं लिहा.

रविता


मुर्री, १५ फेब्रुवारी २००९

चि. रवितास आशीर्वाद.

फाइल साहेबाला देऊन टाक. तू सोडलंस तर ते चौदा अंशवाले फलक लावतील, आणि मला त्याच रस्त्याने जायचं असतं.

माया आहे.

बाबूजी


मुर्री, ७ जून २००९

चि. रवितास अनेक आशीर्वाद.

फलक लागले. ओमेश्वरच्या मोटारसायकलवर बसून चोवीसही पाहून आलो. 'हळू चालवा' सरळ आहे, 'हरणं' तिरपी आहेत. 'ळ'ची दोन्ही पोटं भरलेली आहेत. मीठ अजूनही कमीच आहे, पण लांबून वाचता येतं. माझे जुने फलक काढून चौकीमागे ठेवले आहेत. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? शिडी अंगणात आहे, तुझी आई तिच्यावर कारल्याचा वेल चढवणार म्हणते.

शेवटच्या फलकाशी मी खिशातून माप काढून 'हरणं'च्या 'ह'ला लावलं. बरोबर बसलं. ओमेश्वरने विचारलं, हे काय होय जी काका. त्याला सांगितलं नाही, तुला सांगतो.

सहावीत तू गुण्या हरवला नव्हतास. मला तिरप्या अक्षरासाठी माप हवं होतं, म्हणून तुझ्या कंपासपेटीतून मी तो काढला आणि पायरीवर घासून कल आणला. घासल्यावर तो परत ठेवण्यासारखा राहिला नाही. शाळेत गुरुजी तुला रागावले, घरी मी रागावलो. पुढे तेरा वर्षं मी तुला वेंधळी म्हणत आलो, आणि त्याच गुण्याने आपलं घर चाललं.

सोबत पाठवतो आहे. एका कोपऱ्यात तू कर्कटकाने तुझं नाव कोरलं होतंस, ते मी घासलं जाऊ दिलं नाही. आता तो तुझ्या टेबलावर असू दे.

आशीर्वाद आहेतच. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही, तेवढं सांभाळ.

बाबूजी