उतरायची वाट विचारणाऱ्या माझ्या अनिरुद्धसाठी

मी शकु धोंडिराम हिवाळे, वय ऐंशी, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. करून बघावी कोणी.

१) राहतं घर मोठा मुलगा अनिरुद्ध याला. लेफ्टनंट जनरल होऊन गेल्या साली रिटायर झाला. जनरल झाला तेव्हा पेढे मी स्वतः वाटले, तळमजल्याच्या भांडखोर बाईलासुद्धा.

२) लोखंडी कपाट धाकट्या चैतन्यला. कपाटाचं दार लागत नाही, आणि याचं तोंड. परवा म्हणतो, "दादा, सगळ्यांनी सही केली. तूही कर ना, विषय संपव."

विषय असा. माझ्या मालकांनी कारखान्यात न वाचता अंगठा दिला, तो राजीनामा निघाला. तेव्हापासून आमच्या घरात कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही होत नाही. अनिरुद्धने लढाईचा बेतसुद्धा मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि विचारलं, "सर, चढायचं सगळं लिहिलंय. पोरांनी उतरायचं कुठून?" आठवड्यात त्याची बदली. हल्ला झालाच. एकेचाळीस पोरं डोंगरावर राहिली. आता चौकशीत त्याची सही मागतात, की बेत त्यालाही मान्य होता. नाही केली तर बेशिस्तीचा ठपका. उद्या शेवटचा दिवस. चार दिवस तो कागद फ्रिजवर आहे आणि माझं लेकरू धड जेवत नाही.

३) घराला अट नाही. सही कर, नको करू, घर तुझंच रे. फक्त आधी तो कागद मोठ्याने वाच, संघमित्रासमोर. तुझी लेक जुलैत अकॅडमीत चालली, फौजी होणार! मी नुसती नाचायची बाकी आहे.

४) साक्षरता वर्गात बक्षीस मिळालेलं माझं शाईपेन. कोणाला, ते मागाहून लिहीन.

मागाहून: हे सगळं अनिरुद्धने मला वाचून दाखवलं. बरोबर आहे. मग माझंच पेन घेऊन फ्रिजवरचा कागद उचलला. "सर्व अधिकाऱ्यांची संमती होती" इथपर्यंत मोठ्याने वाचलं.

संघमित्रा म्हणाली, "पप्पा, पुढे?"

"पुढे सहीची जागा आहे गं." पेनाला टोपण लावलं, तिच्या हातात दिलं. "मी नाही करत."

तर पेन संघमित्राला. अनिरुद्धने आत्ता तिसरी भाकरी मागितली, म्हणून इथेच थांबते.

सही (अंगठा नव्हे): शकु धोंडिराम हिवाळे

साक्षीदार, दोघांनी मोठ्याने वाचून सही केली:
१. दत्ताराम परब, शेजारी
२. माधुरी तांबे, डॉक्टर

विक्रोळी, रविवार, १८ जानेवारी २०२६