जाड पाइपाचं पाणी

प्रिय धाकट्या,

आत्या काल दवाखान्यात येऊन गेली. तुझा विषय तिनं टाळला, पण पिशवीत तुझ्या मापाचा नवा शर्ट दिसला. तिच्या घरात पुरुषमाणूस म्हणजे एक बोका. मी काय समजायचं ते समजलो.

तुझा थोरला भाऊ जगला. जबडा तारेनं बांधलाय, जेवण नळीनं. डाव्या डोळ्याची आशा डॉक्टरांनी सोडली. तुझ्या वहिनीनं मात्र त्याचा हात सोडलेला नाही.

मी पंप उघडून उघडून शिकलेला माणूस, पुस्तक कधी उघडलं नाही. तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. नदीच्या मुखाशी पाण्याचा स्वभाव दिवसभर बदलतो. ओहोटीला नदीची सरशी, भरतीला समुद्राची. खारेपण चढलं की पंपानं कितीही जोर लावला तरी आपल्या प्लांटमधल्या मीठ अडवणाऱ्या पडद्यांतून गोडं पाणी थोडंच निघतं. उरलेलं, मिठानं जड झालेलं पाणी जाड पाइपातून परत नदीत सोडावंच लागतं. यंदा नदी आटली आणि समुद्र पार आत घुसला. तुमचे नळ कोरडे, जाड पाइप धो धो. दिसायला पापच दिसतं, कबूल.

त्या दुपारी थोरला आणि मी प्लांटवर कामाला असताना तू अख्खी गल्ली घेऊन आलास. फाटक आडवं झालं, काचा फुटल्या, पहारेकऱ्याला केसांना धरून फरफटवलं. तू ओरडलास, "आमच्या घागरी पालथ्या आणि हा नदीला पाणी पाजतो! ह्याला भाऊ म्हणायची लाज वाटते!" थोरल्यानं पाइपाखाली ओंजळ धरली नि म्हणाला, "अरे शहाण्या, आधी चाखून तर बघ." तू त्या ओंजळीवरच सळई घातलीस. पंपाच्या घरघरीतही हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर. त्याच खांद्यावर बसून तू शाळेत जायचास, रे. मग जाड पाइपाचा व्हॉल्व्ह तू फिरवून गच्च बंद केलास, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. दाबाचा काटा लाल पट्टीत गेला, पडद्यांची नळकांडी कण्हायला लागली, आणि तू नेमका त्यांच्या तोंडासमोर उभा. मी स्विचकडे धावलो तर कुणीतरी कमरेत लाथ घालून मला पाडलं. थोरला मोडका हात लोंबवत आला आणि त्यानं तुला छातीनं ढकललं. तेवढ्यात एका नळकांड्याचं झाकण उडालं. निघालं होतं तुझ्यासाठी, बसलं त्याच्या तोंडावर. त्याचे दात मी फरशीवरून वेचले. तू तोवर पळाला होतास.

पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं पाटीवर लिहिलं, 'गर्दी होती, दिसलं नाही.' धडधडीत खोटं. त्याची माया मला कळते, पण मला ती परवडत नाही. तुझ्या सळईपायी आपल्या गल्लीतला सुतार कोठडीत बसलाय. बिचारा भांडण सोडवायला आला होता, हातात नेमका हातोडा.

परवा सकाळी मी जबानी देणार आहे. सळई तुझी, व्हॉल्व्हवरचा हात तुझा. त्याआधी तू आपल्या पायांनी आलास, तर बापाच्या तोंडून पोराचं नाव निघायचं टळेल. एवढ्याचसाठी हे पत्र. प्लांट कालपासून पुन्हा चालू आहे. आत्याच्या हाती औषधाच्या बाटलीत जाड पाइपाचं पाणी धाडतोय. थोरल्यानंच खुणेनं भरायला लावलं. एक घोट घे. मग तो नवा शर्ट घाल आणि ये. चौकीच्या पायरीवर मी बसलेला असेन.

काहीही झालं तरी तुझाच,
बाबा