दुसऱ्या वळणावरची हाक

२ मार्च

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. फोनवर आपलं बोलणं दुसऱ्या मिनिटाला भांडणावर येतं आणि तू फोन ठेवून देतेस. कागदाला तसं मधेच तोडता येत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

काम जोरात चाललंय. ज्या दालनात गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरचं प्रदर्शन होतं, तिथे आम्ही आठ सुतार लाकडी धावपट्टी उभी करतोय. छपराखालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत, तीसेक देशांचे खेळाडू यायचे आहेत. एक फेरी दोनशे मीटरची. खाली लाकडी सांगाडे, वर फळ्या, त्यावर रबराचा थर. वळणावर बाहेरची कड पार माझ्या कमरेपर्यंत उचललेली असते, म्हणजे वेगात वळणारा माणूस बाहेर फेकला जात नाही. पहिल्या दिवशी मीच तिच्यावरून गडगडत खाली आलो. आमची मंडळी दुपारपर्यंत हसत होती.

आता मुद्द्याचं. आपली भिंगरी निवडली गेली आहे. आठशे मीटर, म्हणजे चार फेऱ्या. तिने मला कळवलं, तुला नाही. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात शर्यतीत पडून तिचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तुम्ही मायलेकी जेवलीस का आणि स्वेटर घातलास का, यापलीकडे बोलत नाही. धावणं सोड म्हणालीस, ते तिच्या मनाला लागलंय. ताई, ये. आम्हा कामगारांच्या घरच्यांसाठी दोन जागा राखून ठेवल्यात. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच; या वेळी तो गाडीत बसवून इकडे पाठव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. पोटची पोर निवडली गेली हे मला मामाच्या पत्रातून कळावं! दुकानात काच घासता घासता तुझं पत्र वाचलं आणि कुणा मास्तरांच्या चष्म्याचा नंबर बिघडवून बसले. मालकांनी दुसरी काच पुढ्यात आणून ठेवली.

मी येणार नाही. कारण लिहिते, पण ते तुझ्यापाशीच ठेव. गेल्या हिवाळ्यात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिसरी फेरी, दुसरं वळण. भिंगरी अगदी माझ्यासमोरून निघाली आणि मला राहवेना. उठून उभी राहिले, बेंबीच्या देठापासून तिला हाक मारली आणि त्याच क्षणी ती पडली. तिने माझ्याकडे मान वळवली होती, धाकट्या. मी पाहिलं. दोन मुली तिच्या अंगावरून उड्या मारून गेल्या.

दवाखान्यात तिने पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि म्हटलं, पुरे झालं आता धावणं. दुसरं काय बोलणार होते? माझ्यामुळे पडलीस, हे तोंडातून निघेना. आईचा आपल्यावर भरवसा नाही असं तिला वाटतं. वाटू दे. मी तिथे नसले की निदान हाक तरी जाणार नाही.

तुझ्या भाऊजींचा गुडघा काम सांगितलं की दुखतो, एरवी ठणठणीत आहे. वेळेवर जेवत जा, खिळे तोंडात धरू नकोस.

माया आहे म्हणूनच येत नाही, एवढं समजून घे.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. मग काल जे घडलं ते आधी ऐक.

सकाळी मी हातोडीने फळ्या ठोकून बघत होतो. दुसऱ्या वळणावर आतल्या बाजूची एक फळी भद्द वाजली. रबर उचलून बघतो तो खालच्या सांगाड्याचा पाय चिरलेला! व्यवस्थापक म्हणाले की गोंद भरून झाकून टाका, संघ सरावासाठी खोळंबलेत. मी म्हटलं, पाय बदलल्याशिवाय यावरून कुणीही धावणार नाही. त्यांनी आम्हाला कामावरून काढायची भाषा केली. मी सरळ त्या वळणावर मांडी घालून बसलो. माझ्यामागे सातही जण बसले. तासाभराने व्यवस्थापकच चहा घेऊन आले.

दुपारी पाय बदलून झाला, पण भार देऊन बघायला हवा होता. पहिल्यांदा कोण धावणार? सरावाला आलेले बाकीचे खेळाडू एकमेकांकडे बघत होते. आपली भिंगरी बुटांच्या नाड्या बांधून उठली. ताई, पडल्यापासून ती वळण फार बाहेरून घेते, दर फेरीला दोन पावलं मागे पडते. कालही तेच. बदललेला पाय आतल्या बाजूला होता, म्हणून मी बाहेरच्या कडेला उभा राहून, आत ये, आत ये, असं तीनदा ओरडलो. माझा आवाज तुला माहीतच आहे. दालनाच्या दारावरचा पहारेकरी धावत आला, पण भिंगरी हातभर अंतरावरून तशीच बाहेरून निघून गेली.

थांबल्यावर मी रागावलो. तर ती डोळे मोठे करून विचारते, मामा, तू हाक कधी मारलीस? म्हणाली, बुटांचे खिळे त्या पोकळ लाकडावर ढोल बडवतात आणि कानात आपलाच श्वास घुमतो, शेजारी वीज पडली तरी कळायचं नाही. मग मी आतल्या रेघेजवळ उकिडवा बसून हाताने दाखवलं. पाचव्या फेरीला ती इतकी आतून गेली की मला तिचा वारा लागला. सांगाडा कुरकुरलासुद्धा नाही.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गेल्या वर्षी पडलीस कशी गं? म्हणाली, मागचीचा पाय माझ्या टाचेवर आला. मान वळली ती तोल गेल्यावर. फाटका बूट अजून तिच्यापाशी आहे.

तुझं गुपित मी फोडलेलं नाही. ते तुझं तूच तिला सांग. मी सुतार आहे, पोस्टमन नाही.

तुझ्या रागालोभाला पात्र,
धाकटा

१६ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. त्या हाकेबद्दलचं तुझं पत्र मिळालं. पलंगावर बसून तीनदा वाचलं. रडताना बघून खोलीतली मैत्रीण घाबरली, तिला वाटलं घरी काही झालं.

आई, मला हाक ऐकूच आली नाही. आणि खरं सांगू? मला वाटत होतं, तू तेव्हा डोळे मिटून बसली असशील. तुला माझी शर्यत बघवत नाही, असंच मी धरून चालले होते. धावणं सोड म्हणालीस तेव्हा वाटलं, हिने कधी बघितलंच नाही, हिला काय कळणार. वर्षभर त्याचाच राग होता. तू उभी राहून ओरडत होतीस हे आधी सांगितलं असतंस तर!

आज सकाळी प्राथमिक फेरी झाली. मी तिसरी आले. प्रत्येक शर्यतीतली पहिली तेवढी थेट पुढे जाते, बाकीच्यांनी वेळेच्या आशेवर बसायचं. उरलेल्या दोन्ही शर्यती संपेपर्यंत मी नखं खाल्ली. यादी लागली, तर सगळ्यात खाली माझं नाव! खाली का होईना, आहे. अंतिम फेरी परवा दुपारी चारला. टपालाला उशीर होईल म्हणून हे पत्र मामाच्या लाकडाच्या ट्रकवाल्या काकांबरोबर पाठवतेय. ते उद्या सकाळी तुझ्या दुकानात येतील.

ये. आणि हवं तेवढं ओरड. मला ऐकू येणार नाही, पण तुझा गळा तरी मोकळा होईल. बाबांना गुडघ्यासकट आण.

तुझी आहेच, आता जरा जास्तच,
भिंगरी

२० मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, धपाटा या वेळी माफ. परवा आमची बस चुकेल म्हणून घाईत निघालो, धड बोलणं झालं नाही. आणि शर्यतीच्या वेळी तू वळणाशेजारी उकिडवा बसून नुसत्या फळ्यांकडे बघत होतास, माणसांकडे नाही. म्हणून काय झालं ते मीच सांगते.

आम्ही चौथ्या रांगेत होतो. सहा मुली होत्या, सगळ्या हरणासारख्या लांब पायांच्या. आपली त्यांत बुटकी. पहिल्या दोन फेऱ्या ती शेवटी होती. मी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या वळणावर ती आत शिरली, अगदी रेघेला चिकटून, आणि एकीला मागे टाकलं. तुझे भाऊजी गुडघा विसरून बाकावर चढले. चौथ्या फेरीला ती परत समोर आली, तेव्हा माझ्या हातून पदर सुटला. मी अशी ओरडले की पुढच्या रांगेतल्या परदेशी गृहस्थांनी कान झाकून घेतले.

तिने मान वळवली नाही. ती तशीच पुढे बघत, दात आवळून, वळणावरून निघून गेली. पोरीने माझं ऐकलं नाही याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

पाचवी आली. स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा सव्वा सेकंद आधी. तो फार असतो म्हणे. मी तरी तुझ्या भाऊजींना तीनदा विचारून खात्री करून घेतली. येताना बसमध्ये ती माझ्याशी चार तास बोलत होती, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. आता माझा कान दुखतोय आणि घसा बसलाय. उद्या दुकानात खुणांनीच बोलावं लागेल.

लोभ कमी पडला तर कळव, इकडे सध्या भरपूर आहे.

तुझी,
ताई